शोध कोणाचा, लाभ कोणाला?

(गडहिंग्लज येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे शीर्षक प्रश्नार्थक आहे. त्याचे उत्तर तत्त्वचर्चेने देण्यापेक्षा एका तांदळाच्या कथेपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. गडहिंग्लज आणि शेजारचे आजरा, चंदगड हे भाताचे तालुके आहेत. त्यामुळे ही कथा आपल्याला समजावून सांगावी लागणार नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक खेडे आहे. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे हे दीड एकराच्या आसपास जमीन असलेले शेतकरी. शिक्षण तिसरीपर्यंतचे. १९८३ साली ‘पटेल ३’ या भाताच्या शेतात फिरताना त्यांना तीन लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. आपल्यापैकी कितीकांनी अशी लोंबी पाहिली असेल आणि ती इतर भातात मिसळून मळणीला गेली असेल! दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या ठेवल्या. त्यांचे दाणे वेगळे पेरले, आलेल्या पिकातून पुन्हा निवड केली आणि वर्षानुवर्षे हे करीत राहिले. दाणा बारीक, उतारा अधिक, शिजल्यावर चव उत्तम असे एक वाण तयार झाले. बाजारात त्याला नाव हवे होते. त्या काळी ज्याच्या मनगटावर एच.एम.टी.चे घड्याळ तो प्रतिष्ठित, म्हणून तांदळाचे नावही एच.एम.टी. पडले. पुढे तो तांदूळ विदर्भाची सीमा ओलांडून अनेक राज्यांत गेला. आज किराणा दुकानात ‘एचएमटी द्या’ म्हणणाऱ्या गृहिणीला हे नाव एका तिसरी शिकलेल्या शेतकऱ्याच्या शेतातून आले, याची कल्पनाही नसते.

१९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने प्रयोगासाठी त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने शुद्ध केलेले वाण प्रसारित झाले. विद्यापीठाची बाजू अशी की, शुद्धीकरण हेही शास्त्रीय काम आहे. ते खरेच आहे. परंतु मूळ निवड ज्याची, त्याच्या पदरात काय पडले? आपल्याला श्रेयही मिळाले नाही आणि मोबदलाही मिळाला नाही, ही व्यथा दादाजींनी अखेरपर्यंत बोलून दाखवली. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांची दखल घेतली. कौतुक झाले, फोटो निघाले. मात्र कुटुंबातील आजारपणाने जमीन विकण्याची वेळ आली ती आलीच. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेही आर्थिक ओढाताणीत.

या घटनेकडे पाहताना आपण सहसा दोन वाक्ये बोलतो. एक म्हणजे ‘प्रतिभेला शिक्षणाची गरज नसते’ आणि दुसरे, ‘व्यवस्था दुष्ट असते’. मला दोन्ही अपुरी वाटतात. दादाजींची नजर शाळेने दिलेली नव्हती, हे मान्य. पण निवडीची नोंद तारखेनिशी लिहून ठेवणे, बियाणे देताना कोणत्या अटीवर दिले याचा कागद करून घेणे, वाणाची नोंदणी करणे ही कामे तिसरीच्या शिक्षणात बसत नाहीत. शोध डोळ्यांनी आणि हातांनी लागतो. त्याचा लाभ कागदावर ठरतो. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आपल्याकडे २००१ साली झाला. त्यात शेतकऱ्याला स्वतःचे वाण स्वतःच्या नावे नोंदविता येते, शुल्कही माफ आहे. दादाजींचे वाण प्रसारित झाले तेव्हा तो अस्तित्वात नव्हता. आज आहे. पण तो माहीत असलेले किती शेतकरी या सभागृहात आहेत, हे हात वर करायला सांगून मी आपल्याला संकोचात टाकणार नाही.

आता याच्या शेजारी दुसरे चरित्र ठेवू. हे आपल्या जवळचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांधळेपण लक्षात आल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलण्यात आले, आणि स्वाभिमानी माणसाने करावे तेच त्यांनी केले. नोकरी सोडून ते बेळगावला बंधू रामूअण्णांकडे आले. तेथे सायकलींचे दुकान होते. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर झाला.

नांगर तयार झाला, पण विकला जाईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आपण या समजुतीला हसतो. परंतु शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. ज्याचे वर्षाचे अन्न एका हंगामावर अवलंबून, तो परक्याच्या बोलण्यावर जमीन पणाला कशी लावील? त्याला पटवून देण्याचे काम नांगर बनवण्याइतकेच मोठे होते आणि किर्लोस्करांनी ते शिक्षणाचे काम म्हणून स्वीकारले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. एका कारखान्याचे माहितीपत्रक म्हणून जन्मलेले हे नियतकालिक मराठी घराघरांत वाचले गेले, हा योगायोग नव्हता. वस्तू घेणाऱ्याला शहाणे केल्यावाचून वस्तू खपत नाही आणि खपली तरी त्याच्या उपयोगी पडत नाही, हे त्यांना कळले होते.

खोब्रागडे आणि किर्लोस्कर यांच्या प्रतिभेची तुलना करण्याचे काही कारण नाही. लक्ष्मणरावांच्या हाती रेखाटन होते, हा फरक मात्र मोठा होता. यंत्राचा नकाशा काढता येणे म्हणजे मनातली कल्पना दुसऱ्याच्या हाती देता येणे, आणि तरीही ती आपलीच राहणे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलात तर याची दुसरी बाजू दिसते. तेथील जुन्या पिढीतील कितीतरी मिस्त्री शाळा अर्धवट सोडून भट्टीवर आले. तेल इंजिने खोलून, जोडून, मोडलेला भाग ओतून ते शिकले. त्यांच्या हातचे काम पाहून परदेशी अभियंत्याने तोंडात बोट घालावे. परंतु बऱ्याच ठिकाणी ओतकाम कोल्हापूरचे आणि नकाशा दुसऱ्याचा, ही स्थिती राहिली. किलोवर मजुरी मिळते. नफा ज्याचा नकाशा, त्याच्याकडे जातो. कामगाराच्या मुलाला नकाशा काढायला शिकवणारी शाळा भट्टीपासून हाकेच्या अंतरावर असती, तर चित्र वेगळे दिसले असते, असे माझे मत आहे.

शिक्षणाचा पाया घालण्यात आपला भाग मागे होता, असे कोणी म्हणू शकणार नाही. नामदार गोखले कागल आणि कोल्हापूर येथे शिकले. त्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले आणि १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. ब्रिटिश सरकारला जे परवडत नव्हते ते छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया! १९०१ पासून त्यांनी जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, ती याच जाणिवेतून. खेड्यातल्या मुलाला शहरात पाठ टेकायला जागा मिळाली नाही, तर शाळेचे दार उघडे असून उपयोग काय?

हे झाले अक्षरांचे. हाताच्या शिक्षणाचे काय? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले विष्णु गोविंद विजापूरकर यांनी राष्ट्रीय शिक्षणाचा ध्यास घेतला. त्यांचे समर्थ विद्यालय तळेगाव दाभाडे येथे होते आणि त्यात उद्योगशिक्षणाला मानाचे स्थान होते. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. त्याच तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे नावाच्या ध्येयवेड्या माणसाने लोकांकडून एकेक पैसा गोळा केला, लोकमान्यांनी पाठबळ दिले आणि परदेशात काचतंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे शिकवू लागले. तो नफ्यासाठी काढलेला कारखाना नव्हता. ती काच करायला शिकवणारी शाळा होती. तेथून शिकून बाहेर पडलेले तरुण देशभर काचेचे कारखाने चालवू लागले. लोकांच्या पैशातून आलेले ज्ञान लोकांकडे परत गेले. आपल्याकडे या प्रयोगावर जेवढे लिहिले जायला हवे होते, तेवढे लिहिले गेलेले नाही.

आता थोडे बाहेर पाहू. अमेरिकेत राज चेट्टी या मूळ भारतीय अर्थशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १२ लाख संशोधकांच्या नोंदी तपासल्या. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले पुढे पेटंट मिळवण्याची शक्यता निम्म्याहून कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांच्या तुलनेत दहापट असते, असे त्यांना आढळले. कोणी म्हणेल, श्रीमंतांची मुले हुशार असतील. तिसरीतल्या गणिताच्या गुणांशी ताडून पाहिले, तर या तफावतीचा तिसरा हिस्सादेखील त्यातून उलगडत नाही. गणितात पहिल्या रांगेत असलेले गरीब घरातले मूल संशोधक होत नाही, कारण त्याने संशोधक माणूस पाहिलेलाच नसतो. ज्या परिसरात ज्या क्षेत्राचे शोध लागतात, तेथे वाढलेली मुले त्याच क्षेत्रात शोध लावतात. मुलींच्या बाबतीत तर स्त्री संशोधक जवळपास असणे महत्त्वाचे ठरते, असेही त्यांना दिसले.

मुलींचा विषय निघाला म्हणून कमला भागवत यांचे स्मरण करतो. विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. १९३३ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. अटींवर प्रवेश मिळवला, काम करून दाखवले आणि पुढच्या मुलींसाठी ते दार उघडले. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. पण माझा मुद्दा पुढचा आहे. या विदुषीने अभ्यासाला विषय कोणते घेतले? दूध, डाळी, कडधान्ये यांतील प्रथिने आणि नंतर नीरा, म्हणजे गरिबाच्या आणि वनवासी मुलाच्या पोटात जे जाते ते. प्रयोगशाळेत कोण बसले आहे यावर कोणता प्रश्न विचारला जाणार हे ठरते, आणि प्रश्नावर लाभ कोणाला हे ठरते. विदर्भातल्या कोरडवाहू धानाचा प्रश्न विदर्भातल्या शेतकऱ्यालाच सुचला, तसेच हे आहे.

हळदीची लढाई आपल्याला ठाऊक आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाला पेटंट मिळाले. अर्जदार संशोधक भारतीय वंशाचे होते, हाही एक तपशील विसरू नये. आपल्या देशात संतापाची लाट उसळली. पण संतापाने पेटंट रद्द होत नाही. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत आणि हिंदी ग्रंथ होते आणि १९५३ चा एक छापील वैद्यकीय शोधनिबंधही होता. ते सादर केल्यावर १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. आजीचे ज्ञान खरे होते, पण त्या कार्यालयात आजीची साक्ष चालत नव्हती, छापील पान चालत होते. यातूनच पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले आणि आपल्या ग्रंथांतील लक्षावधी औषधयोग परदेशी परीक्षकाला कळतील अशा भाषांत नोंदले गेले.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगतो. आपल्यातील काही मंडळी १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असे छातीठोकपणे सांगतात. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला देतात, त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले आहे. हळदीचा खटला आपण पुराव्यावर जिंकलो. पुराव्याविना दावे करीत राहिलो, तर उद्या आपल्या खऱ्या दाव्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणि माशेलकरांना हे करता आले ते कशामुळे? गोव्यातील माशेल गावचा हा मुलगा. वडील लवकर गेले. आईने मुंबईत मिळेल ते काम करून वाढवला. माध्यमिक शाळेच्या प्रवेशासाठी २१ रुपये नव्हते, ते उसने आणावे लागले. पायांत चप्पल नाही, अभ्यास रस्त्याच्या दिव्याखाली. पण शाळेत भावे नावाचे शिक्षक होते. त्यांनी वर्गाबाहेर उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला. शालान्त परीक्षेत गुणवत्ता यादीत आल्यावर दरमहा ६० रुपयांची टाटा शिष्यवृत्ती मिळाली. २१ रुपये, ६० रुपये आणि एक भिंग. आपल्या तालुक्यातील शाळांमध्ये प्रयोगशाळेचे साहित्य कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. साहित्य फुटले तर भरपाई कोण देणार, म्हणून किल्ली वापरली जात नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायाची ओळख करून देण्यास सांगितले आहे. धोरण चांगले आहे. कुलूप मात्र धोरणाने उघडत नाही, ते मुख्याध्यापकाला आणि पालकांना उघडावे लागते.

शेवटचे उदाहरण अगदी घरचे. जून २०२५ मध्ये मिलान शहरात ‘प्राडा’ या इटालियन कंपनीच्या वेषभूषा प्रदर्शनात पुरुषांच्या पायांत जी पादत्राणे दिसली, ती पाहून कागल तालुक्यातील कापशीच्या कोणत्याही कारागिराने म्हटले असते, ही तर आपली चप्पल! कोल्हापूरचे नाव कोठेही नव्हते. आक्षेप घेतल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. हे घडू शकले, कारण या चपलेला आधीच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या चर्मकार बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कमावून, कान, पट्टा, वेणी, अंगठा यांची जी रचना केली, ते अभिकल्पनच होय. शाळेने त्याला कधी अभिकल्पन म्हटले नाही. आपण समाज म्हणूनही म्हटले नाही. ज्या हातांनी ही विद्या सांभाळली त्यांना दूर ठेवले आणि चप्पल तेवढी पायात घातली, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

मानांकन महामंडळांच्या नावे आहे. प्रत्येक कारागिराला त्याचा कायदेशीर उपयोग करायचा, तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. अर्ज भरावा लागतो, कामाचे पुरावे जोडावे लागतात. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये मानांकन मिळाले, कोल्हापुरी गुळालाही आहे. तेथेही उत्पादकाची नोंदणी नसेल, तर दुसऱ्या प्रांताचा तांदूळ ‘घनसाळ’ म्हणून विकणाऱ्याला अडवायचे कोणी आणि कशाच्या आधारावर?

गडहिंग्लजमध्ये महाविद्यालये आहेत, वकील आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, मोबाइलवर कोणताही अर्ज क्षणात शोधणारे विद्यार्थी आहेत. कापशी येथून फार दूर नाही आणि आजरा तर शेजारीच आहे. सुट्टीच्या एका दिवशी दहा विद्यार्थी कागद घेऊन कारागिराच्या ओसरीवर बसले, त्याच्या कामाची नोंद त्याच्याच शब्दांत उतरवून घेतली, छायाचित्रे जोडली, तर दोघेही शिकतील. विद्यार्थ्याला चामडे कळेल, कारागिराला कागद कळेल. ज्यांना यात भाग घ्यायचा आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर थांबावे. अर्जाचे नमुने मी बरोबर आणले आहेत आणि प्रश्नांसाठीही वेळ राखून ठेवला आहे.